लॉग फाइल उडवली तरी डिस्क भरलेलीच: फाइल कोणी धरून ठेवली आहे?

लिनक्सवर फाइल डिलीट करणाऱ्या 'आरएम' कमांडने फक्त फाइलचं नाव जातं. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, फाइल उघडी ठेवली असेल, तर ती बंद करेपर्यंत जागा सुटत नाही. म्हणून फाइल्सचा आकार मोजणारं 'डीयू' कमी आकडा दाखवतं आणि डिस्कवरची एकूण जागा बघणारं 'डीएफ' मात्र डिस्क भरलेलीच सांगतं.

टर्मिनलवर उघड्या फाइल्सची यादी देणारं 'एलएसओएफ' चालवा, पुढे स्पेस देऊन अधिकचं चिन्ह, त्याला चिकटून कॅपिटल एल आणि 1. नाव पुसलेल्या पण अजून उघड्या फाइल्स तेवढ्याच दिसतील. आधी अ‍ॅडमिनचे अधिकार देणारं 'सुडो' लावा, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेस गाळल्या जातात आणि खरा चोर बहुतेक वेळा त्यांतच असतो. दुसऱ्या कॉलमात प्रोसेसचा नंबर मिळेल. त्या प्रोसेसची सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. प्रोसेस जबरदस्तीने बंद करणारं 'किल मायनस 9' थेट मारू नका, डेटाबेस असेल तर महागात पडेल.

फाइल जागेवरच असेल तर सोपं आहे: 'एलएसओएफ' आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ. फाइल कोणती प्रोसेस वापरतेय ते सांगणारं 'फ्यूजर'ही चालतं, पेनड्राइव्ह अनमाउंट होत नसेल तेव्हा मला तेच बरं वाटतं.

आणि चालू लॉग पुढच्या वेळी डिलीट न करता त्याचा आकार 'ट्रंकेट' कमांडने शून्यावर आणा.