काउंटी कॉलेजमधून ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला जाता येतं का?

प्रश्न : मुलीचा जन्म न्यू जर्सीचा, ती लहान असताना आम्ही पुण्यात परत आलो. बारावी इथेच केली, आर्ट्समधून. मग तिच्या आत्याकडे राहून तिकडच्या काउंटी कॉलेजला गेली, आता दुसरं वर्ष चालू आहे. एका स्पेशल स्कूलमध्ये पार्टटाइम हेल्परचं काम करता करता तिला ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) आवडली आणि आता त्यातच मास्टर्स करायचं म्हणतेय. आमचे मोठे बंधू म्हणतात की हे कॉलेज म्हणजे आपल्या आयटीआयसारखं, तिथून मास्टर्सला कोण घेणार, त्यापेक्षा परत बोलवा आणि इकडे बीओटी, म्हणजे ओटीची बॅचलर्स, करू दे. कॉलेजमधून तिला थेरपी असिस्टंटचा दोन वर्षांचा कोर्सही सुचवलाय. आणि २०२७ पासून म्हणे डॉक्टरेटच लागणार आहे. आमची तर मतीच गुंग झालीये.
— एक वडील, सिंहगड रोड

उत्तर : दादा, आधी बंधूंचा मुद्दा निकालात काढू. आर्ट्सवाल्या मुलीला महाराष्ट्रात बीओटीला अ‍ॅडमिशन मिळतच नाही, त्याला बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं आणि वर नीटचा स्कोअर. म्हणजे परत आणलंत तर पुन्हा अकरावी-बारावीची पुस्तकं, मग नीट, मग चार वर्षं आणि वर इंटर्नशिप, आणि एवढं करून तिला तिकडेच काम करायचं असेल तर तिथल्या एनबीसीओटीकडून (ओटीची राष्ट्रीय परीक्षा घेणारी संस्था) आपलं शिक्षण तपासून घ्या, पात्र ठरलात तर परीक्षा द्या, मग राज्याचं लायसन्स. तिकडची नागरिक असलेल्या मुलीला हा द्राविडी प्राणायाम कशाला?

आणि आयटीआय वगैरे काही नाही हो. काउंटी कॉलेज म्हणजे बॅचलर्सची पहिली दोन वर्षं स्वस्तात, उरलेली दोन युनिव्हर्सिटीत, आणि डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचंच. ओटीच्या मास्टर्सला बॅचलर्स कुठल्याही विषयातली चालते, सायकॉलॉजी घेणारी मुलं खूप असतात पण कोणी हिस्टरी घेतलं तरी अडत नाही. अडतं ते प्रीरिक्विझिटवर, म्हणजे अ‍ॅडमिशनच्या आधी झालेच पाहिजेत अशा विषयांवर. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग लॅबसकट, स्टॅटिस्टिक्स, डेव्हलपमेंटल आणि अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी किंवा अँथ्रोपॉलॉजी, एवढे बहुतेक ठिकाणी असतात, कुठे त्यात फिजिक्स किंवा कायनेसिऑलॉजीची (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) भर. यातले बरेचसे काउंटी कॉलेजमध्ये होतात आणि पुष्कळ प्रोग्रॅम्सना ते चालतातही, पण काही ठिकाणी एखादा विषय वरच्या लेव्हलचाच मागतात, काही ठिकाणी अमुक वर्षांपेक्षा जुना चालत नाही, काही ठिकाणी ऑनलाइन लॅबला नाक मुरडतात. म्हणून तिला म्हणावं पुढच्या सेमिस्टरचे क्लासेस घ्यायच्या आधी पाच-सहा ओटी प्रोग्रॅम्सची पानं उघड (न्यू जर्सीतच किन, स्टॉकटन, सीटन हॉल आहेत), सगळ्यांचे विषय एका एक्सेलमध्ये टाक आणि मग ठरव काय इथे घ्यायचं आणि काय युनिव्हर्सिटीसाठी ठेवायचं. कॉलेजचा अ‍ॅडव्हायजर चांगला माणूस असेल पण तो शेकडो मुलांना बघतो, ओटीचं त्याला सगळं माहीत असेलच असं नाही.

मार्कांचं मात्र जपा. तिथे बरेच प्रोग्रॅम ३.० जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ही किमान अट ठेवतात आणि प्रत्यक्षात घेतलेल्या मुलांचा त्याहून चांगला असतो. अ‍ॅनाटॉमीत सी आला तर पुन्हा देता येतो, पण बहुतेक अर्ज ओटीकॅस या ज्या सामायिक ऑनलाइन अर्ज-व्यवस्थेतून जातात तिथे जीपीए काढताना दोन्ही वेळचे मार्क धरतात आणि शिकलात त्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट मागतात, त्यामुळे 'युनिव्हर्सिटीत गेलो की काउंटीचं पुसलं जाईल' हा समज डोक्यातून काढा. आर्ट्समधून आलेल्या मुलीनं अ‍ॅनाटॉमी, केमिस्ट्री आणि नोकरी हे तिन्ही एकाच सेमिस्टरला उचलू नये, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. एक सेमिस्टर जास्त लागलं तर लागू दे, आत्याबाई काही घराबाहेर काढत नाहीत.

आता असिस्टंटचा कोर्स. हा कोर्स वाईट नाही, नीट समजून घ्या. दोन वर्षांत हातात काम, सोळा आठवड्यांचं फुलटाइम फील्डवर्क, एनबीसीओटीचीच वेगळी परीक्षा आणि मग थेरपिस्टच्या देखरेखीखाली पेशंटबरोबर थेट काम. घरी पैशाची निकड असती तर मी म्हटलं असतं डोळे झाकून घ्या. पण तुमच्या मुलीला मास्टर्सच करायचंय आणि गोम इथे आहे : न्यू जर्सीत राज्यभर लागू असलेला ट्रान्सफर करार आहे, काउंटी कॉलेजमधून एए किंवा एएस (पुढे युनिव्हर्सिटीत जाण्यासाठीच्या दोन वर्षांच्या डिग्र्या) पूर्ण केलं तर सरकारी युनिव्हर्सिटीला ती क्रेडिट्स, जास्तीत जास्त ६६, धरावी लागतात आणि बॅचलर्सला लागणाऱ्या साधारण १२० मधली निम्मी तिथेच सुटतात. असिस्टंटचे कोर्स बहुधा एएएस (थेट नोकरीसाठीची दोन वर्षांची डिग्री) असतात आणि एएएस या करारात येत नाही, मग एकेक विषय घेऊन युनिव्हर्सिटीच्या दारात उभं राहायचं, हा धरता का, तो धरता का. असिस्टंटवरून थेरपिस्ट व्हायचे ब्रिज प्रोग्रॅम आहेत पण थोडे, आणि ते घराजवळ असतीलच असं नाही. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं आता गाडी त्या फाट्यावर वळवू नये असं माझं मत. एए किंवा एएस पूर्ण करूनच बाहेर पडा, तीन विषय राहिलेत म्हणून अर्धवट सोडून ट्रान्सफर घेऊ नका, कराराचा फायदा पूर्ण डिग्रीवर मिळतो.

डॉक्टरेटचं ते जुनं फॉरवर्ड आहे. २०२७ पासून डॉक्टरेट असं मधे ठरलं होतं खरं, पण नंतर ते मागे घेतलं. आज मास्टर्स आणि डॉक्टरेट दोन्ही चालतात, परीक्षा तीच, लायसन्स तेच. मास्टर्सला साधारण दोन-अडीच वर्षं, डॉक्टरेटला तीनच्या आसपास, आणि जास्तीच्या काळाची फी तुमच्याच खिशातून. शिकवायचं किंवा रिसर्च करायचा विचार नसेल तर मास्टर्स पुरे. प्रोग्रॅमला एसीओटीईची (ओटीचे कोर्स तपासून मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यता आहे ना तेवढं मात्र बघा, नाहीतर परीक्षेलाच बसता येणार नाही.

राहिलं ऑब्झर्वेशन, म्हणजे अर्जासाठी थेरपिस्टचं काम जवळून बघण्याचे तास. शाळेतल्या हेल्परच्या कामाचे तास आपोआप धरत नाहीत, पण त्याच शाळेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट येत असणार, त्यांना विचारून त्यांच्यामागे बसायचं आणि तास सही करून घ्यायचे. सुट्टीत पुण्यात आली तर इथे कोणाकडे बसता येईल का असं तुम्ही विचाराल. बसू दे की, पण काही प्रोग्रॅम तिथल्याच लायसन्सवाल्या थेरपिस्टकडचे तास मागतात, तेव्हा आधी मेल टाकून विचारायचं. बंधूंना आणखी एक सांगा : या विषयाचं आशियातलं पहिलं स्कूल १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये निघालं आणि ते काढणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन. तिकडचं शिक्षण इकडे आलं म्हणून आपल्याकडे बीओटी उभी राहिली.

प्रश्न : मी पुण्यात टीवायबीए सायकॉलॉजीला आहे. मला इकडे एमओटी (ओटीची मास्टर्स) करता येईल का, की अमेरिकेतच जावं लागेल?
— वाचक, कर्वेनगर

उत्तर : इकडे नाही गं, एमओटीला आधी बीओटी लागते. अमेरिकेत बीए सायकॉलॉजीवर दार उघडं आहे पण दोन अडचणी : एक, तुझी डिग्री तीन वर्षांची, आणि तिथल्या सगळ्याच युनिव्हर्सिटीज तिला त्यांच्या चार वर्षांच्या बॅचलर्सबरोबरीची धरत नाहीत, दोन, बीएला लॅबसकट अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी कुठून आणणार? हे विषय आधी कुठेतरी करावे लागतील, मगच अर्ज. तेव्हा जीआरईचा (तिथल्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा) क्लास लावायच्या आधी दोन-तीन प्रोग्रॅम्सना मेल कर की तीन वर्षांची डिग्री चालते का, कारण जीआरई तर आता पुष्कळ ठिकाणी मागतही नाहीत आणि क्लासवाले हे तुला आपण होऊन सांगणार नाहीत.