मिठातले कण, मेंदूतला चमचा आणि बोअरचं पाणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मायक्रोप्लास्टिकवर चार ओळींचं टिपण काय छापलं, प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. काहींनी तर सरळ फॉरवर्डच पाठवलेत, खाली फक्त "खरं का हो हे?" एवढं लिहून. त्यातले सहा प्रश्न घेतलेत, नावं मुद्दाम गाळलीत. ज्यांनी पहिल्यांदाच शब्द ऐकलाय त्यांच्यासाठी, ५ मिलिमीटरच्या आतला प्लास्टिकचा कण म्हणजे मायक्रोप्लास्टिक, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढ्यापासून ते डोळ्याला न दिसणाऱ्यापर्यंत सगळे यात आले, आणि मायक्रोमीटरच्याही (मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेला की त्याला नॅनोप्लास्टिक म्हणायचं. २००४ मध्ये ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या पेपरमुळे हा शब्द रूढ झाला.

आमच्या भिशीच्या ग्रुपवर फिरतंय की सगळ्या कंपन्यांच्या मिठात प्लास्टिक आहे. मी घाबरून सैंधव आणायला लागले, ते केवढ्याला पडतं तुम्हाला माहितीये. आणू की नको? (एक गृहिणी, सांगली)

ताई, मिठात प्लास्टिक सापडलंय हे खरंच आहे, अफवा नाही. २०१८ मध्ये आपल्या पवईच्या आयआयटीतल्या अमृतांशु श्रीवास्तव आणि चंदन कृष्ण सेठ यांनी आठ ब्रँडचं मीठ तपासलं, त्यात ६२६ कण मिळाले, त्यातले ६३ टक्के तुकडे आणि बाकीचे धागे. हा आकडा ऐकला की पोटात गोळा येतो. पण त्याच पेपरात वजनही दिलंय आणि ते कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. किलोभर मिठात साधारण ६४ मायक्रोग्राम (एक मायक्रोग्राम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). रोज ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर वर्षाचं झालं ११७ मायक्रोग्राम. आता टेबल सॉल्टचा एक बारीक दाणा बोटावर घ्या, तो साधारण ६० मायक्रोग्रामचा भरतो, म्हणजे वर्षभराच्या मिठातून तुमच्या पोटात गेलेलं प्लास्टिक हे मिठाच्या दोन दाण्यांच्या वजनाचं.

२०२४ मध्ये टॉक्सिक्स लिंक या दिल्लीच्या संस्थेनं मीठ आणि साखर दोन्ही तपासली, त्यात आयोडीनवाल्या मिठात सगळ्यात जास्त, किलोला ८९ कण निघाले, आणि खड्याच्या सैंधवात सगळ्यात कमी, सात सुद्धा नाहीत. म्हणजे तुमचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. पण सैंधवात आयोडीन मुद्दाम घातलेलं नसतं, आणि आयोडीन नसलं तर गलगंडाचं काय होतं हे आपल्या आजीच्या पिढीनं बघितलंय. दोन दाण्यांसाठी तेवढा सौदा मी तरी करणार नाही. तुमचे पैसे वाचवा. खरा उपाय मिठागरावर आहे आणि तोही त्याच आयआयटीवाल्यांनी दाखवलाय, समुद्राचं पाणी आधी साध्या वाळूच्या थरातून गाळून घेतलं तर वजनानं ८५ टक्क्यांवर प्लास्टिक तिथेच अडकतं.

ऑफिसात २० लिटरचे जार येतात, उन्हात टेम्पोत तापून. वाचलं की बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये अडीच लाख कण असतात. मग आरओच बरा ना? (आयटीतला एक नोकरदार, पुणे)

तो आकडा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा, जानेवारी २०२४ चा. तीन ब्रँडच्या बाटल्या घेतल्या, लिटरला सरासरी २ लाख ४० हजार कण मिळाले. आधीच्या अभ्यासांपेक्षा आकडा एवढा फुगला कारण यांनी लेसरची नवीन पद्धत वापरली आणि पहिल्यांदाच नॅनो कण नीट मोजले, एकूण कणांपैकी ९० टक्के तेच होते. म्हणजे पाणी अचानक घाण झालं असं काही नाही, चष्म्याचा नंबर बदलला.

आता गंमत ऐका. त्यांना वाटलं होतं बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, सगळ्यात जास्त सापडेल. पण पॉलिअमाइड त्याच्याही पुढे निघालं, म्हणजे नायलॉनच्या घराण्यातलं, आणि ते बहुतेक पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमधून आलं असावं असं त्यांचंच म्हणणं आहे. आरओच्या पडद्यात हेच असतं. त्यामुळे आरओ लावला की प्रश्न मिटला असं कुणी विकायला आलं तर त्याला हे विचारा. जार उन्हात ठेवू नका हे मात्र अगदी बरोबर, त्याबद्दल सप्लायरशी भांडा, भांडण माझ्या नावावर घाला.

पाणी उकळलं की प्लास्टिक जातं असं एका व्हिडिओत पाहिलं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड. उकळून काही फायदा? (निवृत्त शिक्षक, लातूर जिल्हा)

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून मला एकदम आजोळ आठवलं, बार्शीकडचं. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा पापुद्रा चढलेला असायचा, आजी दर रविवारी चिंच लावून घासायची आणि बोअरच्या पाण्याच्या नावानं बोटं मोडायची. तर तो पापुद्राच इथं हीरो निघाला.

झालं असं, की चीनमधल्या ग्वांगझूच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये वेगवेगळ्या जडपणाचं पाणी घेतलं, त्यात मोजून प्लास्टिकचे कण टाकले आणि पाच मिनिटं उकळलं. जड पाण्यात, म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या, ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले. हलक्या पाण्यात जेमतेम २५ टक्के. कारण सोपंय, पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो, आणि बाहेर पडताना तो जे काही बारीकसारीक दिसेल त्याच्यावर बसतो, प्लास्टिकच्या कणाभोवतीही त्याची पुटं चढतात, मग तो कण जड होऊन खाली बसतो नाहीतर भांड्याला चिकटतो. मग पाणी निवू द्यायचं, हलवायचं नाही, आणि वरचं पाणी सुती फडक्यातून अलगद गाळून घ्यायचं. फडकं सुतीच हवं हां, टेरिकॉटचं घेतलंत तर एकीकडे काढाल आणि दुसरीकडे घालाल.

म्हणजे मुंबईत तलावाचं हलकं पाणी पिणाऱ्यांपेक्षा या एका बाबतीत तुम्ही फायद्यात आहात, बोअरवाल्यांना असं म्हणायची संधी रोज येत नाही! पण एक मोठा पण आहे. उकळल्यानं नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. बोअरच्या पाण्यात मला प्लास्टिकपेक्षा त्या दोघांची काळजी जास्त वाटते. पाणी एकदा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, मग काय उकळायचं ते उकळा.

माणसाच्या मेंदूत चमचाभर प्लास्टिक सापडलं आणि त्यानं हार्ट अटॅक येतो, हे दोन्ही वाचलं. झोप उडाली. वडिलांची बायपास झालीये. (एक वाचक, सध्या दुबई)

दोन वेगळ्या बातम्या आहेत आणि दोन्हींचं वजन सारखं नाही, म्हणून सुट्या करून सांगतो.

हृदयाची आधी. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या राफाएले मार्फेल्ला यांच्या टीमचा अभ्यास आला. मानेतल्या रक्तवाहिनीत साठलेला थर ऑपरेशननं काढलेले २५७ पेशंट, तो काढलेला थर तपासला, १५० जणांच्या थरात पॉलिथिन होतं. मग साधारण ३४ महिने सगळ्यांवर लक्ष ठेवलं. पॉलिथिन न सापडलेल्या १०७ पैकी ८ जणांना हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक आला किंवा मृत्यू झाला, सापडलेल्या १५० पैकी ३० जणांना. वय, शुगर वगैरेचा हिशेब लावून धोका साडेचारपट निघाला. अभ्यास चांगला आहे, मी गंभीरपणे घेतो. पण हे सगळे आधीच आजारी लोक होते, आणि प्लास्टिकमुळे झालं की ज्यांचं प्लास्टिकशी नातं जास्त त्यांचं बाकीचं राहणीमानही वेगळं होतं, हे या अभ्यासातून कळत नाही, तसं त्या टीमनंही लिहिलंय. वडिलांच्या गोळ्या, चालणं आणि बीपी याच्यात यानं काहीही बदल होत नाही.

आता चमचा. न्यू मेक्सिको विद्यापीठाचा अभ्यास, फेब्रुवारी २०२५. मृत्यूनंतर घेतलेल्या मेंदूच्या नमुन्यांत ग्रॅमला जवळपास ४,९०० मायक्रोग्राम प्लास्टिक मिळालं, त्याला अख्ख्या मेंदूच्या वजनानं गुणलं की ७ ग्रॅम, हाच तो चमचा. इथं मला गणित करायचा मोह आवरला नाही. अन्न आणि हवेतून माणसाच्या आत किती कण जातात याचा नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाचा २०२१ चा एक अंदाज आहे, मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण ४ मायक्रोग्राम. (आठवड्याला क्रेडिट कार्डएवढं, ५ ग्रॅम, हा त्याआधीचा आकडा होता, दोन्हींत बारा लाखपटीचा फरक!) तर आठवड्याला ४ मायक्रोग्रामनं, आणि त्यातलं सगळंच्या सगळं मेंदूत गेलं असं धरलं, तरी ७ ग्रॅम साठायला ३३ हजार वर्षं लागतील. वाखेनिंगनच्या अंदाजात नॅनो कण धरलेले नाहीत हे मान्य, पण तरी.

मग गडबड कुठं असू शकते? मोजायच्या पद्धतीत. नमुना हवेशिवाय भरपूर तापवतात, त्याचे जे वायू निघतात त्यावरून ओळखतात की हे पॉलिथिन, हे पीव्हीसी. अडचण ही की चरबी तापवली तरी पॉलिथिनसारखेच तुकडे निघतात, आणि मेंदू म्हणजे पाणी सोडलं तर निम्म्याहून जास्त चरबीच. शिवाय लॅबमध्ये हातमोजे प्लास्टिकचे, नळ्या प्लास्टिकच्या. या मुद्द्यांवर इतर शास्त्रज्ञांनी जाहीर आक्षेप घेतलेत. मेंदूत प्लास्टिक अजिबात नाही असं माझं म्हणणं नाही. चमचाभर आहे, हे मात्र मला पटलेलं नाही. झोपा निवांत.

पार्सलचे डबे धुऊन ठेवतो, काळे आणि पांढरे, त्यातच सकाळची भाजी मायक्रोवेव्हला लावतो. बायको ओरडते. कोण बरोबर? (बॅचलर नाही, विवाहित, ठाणे)

वहिनी बरोबर. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठानं २०२३ मध्ये लहान मुलांच्या खाण्याचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हला लावले, तर डब्याच्या एका चौरस सेंटीमीटरमधून ४२ लाखांपर्यंत मायक्रो आणि २११ कोटींपर्यंत नॅनो कण पाण्यात आले. वजनात बघाल तर, एक नॅनो कण १०० नॅनोमीटरचा धरला तर ते २११ कोटी मिळून जेमतेम एक मायक्रोग्राम होतात. पण डब्याला एकच चौरस सेंटीमीटर नसतो ना, आणि नॅनो कण पेशीत शिरू शकतात, तिथं संख्येला महत्त्व येतं. मीठ, पाणी, हवा आपल्या हातात नाही, हे आहे. डबा ठेवा की, त्यात खिळे ठेवा, कडधान्य ठेवा, फक्त गरम काही नको. काचेचा एक बोल घ्या, दीडशे रुपयांत भांडण मिटतं.

बारावी सायन्सला आहे. प्लास्टिक खाणारे बॅक्टेरिया सापडलेत ना? मग प्रॉब्लेम सुटला का नाही अजून? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

कारण ते फार सावकाश जेवतात. २०१६ मध्ये जपानमधल्या साकाई शहरातल्या बाटल्यांच्या रिसायकलिंगच्या जागेवर तो बॅक्टेरिया मिळाला, नाव इडिओनेला साकाइएन्सिस. पीईटीची पातळ फिल्म, तीस अंश तापमान, सहा आठवडे लागले संपवायला. आणि खातो फक्त पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं. भाजीची पातळ पिशवी पॉलिथिनची, तिला हा तोंडही लावत नाही, कारण पीईटीच्या साखळीत एस्टरचे जोड असतात, तिथं एन्झाइमला कापायला जागा मिळते, पॉलिथिनमध्ये नुसता कार्बनला कार्बन, दात लावायचे कुठे? तुझ्या पुस्तकात एस्टरचं जलअपघटन आहे बघ, तेच हे.

मला जास्त आवडलेलं काम दुसरं आहे. जपानच्याच रिकेन संस्थेत टाकुझो आयदा यांच्या टीमनं नोव्हेंबर २०२४ मध्ये एक प्लास्टिक दाखवलं, ज्याचे रेणू मिठासारख्या आयनांच्या जोडांनी बांधलेत. एरवी ते घट्ट राहतं, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात गेलं की ते जोड सुटतात आणि काही तासांत विरघळतं, मायक्रोप्लास्टिक मागे न ठेवता. मातीत पुरलं तर दहा दिवसांत गेलं, आणि मागे नायट्रोजन, फॉस्फरस, म्हणजे खतच. आता तुझ्या मनात आलं असेल की मग त्यात लोणचं कसं भरायचं. बरोबर, म्हणूनच वरून पाणी न शिरणारा पातळ लेप द्यावा लागतो, आणि त्या लेपाला ओरखडा पडला की विरघळायला सुरुवात.

आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीत सूर्यसारथी बोस यांच्या गटानं २०२४ मध्ये एक हायड्रोजेल केलं, जेलीसारखं, पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक पकडणारं. त्यात तीन पॉलिमर एकमेकांत विणलेत, त्यातलं एक कायटोसान, जे कोळंबी-खेकड्याच्या टरफलातून काढतात. आत तांबं असलेले नॅनो क्लस्टर, ते अल्ट्राव्हायोलेट उजेडात पकडलेलं प्लास्टिक तोडायला लागतात. दोन प्रकारचं प्लास्टिक तपासलं, ९५ आणि ९३ टक्के निघून गेलं. लॅबमधल्या भांड्यातला आकडा आहे हा, पंचगंगेतला नाही. पंचगंगेत गाळ आहे, शेवाळ आहे, साबण आहे, सगळं त्या जेलीला एकदम चिकटणार. ते कसं टाळायचं यावर काम करायला माणसं लागतील, तुझी बारावी होऊ दे.

नॉनस्टिक तव्याचे अकरा प्रश्न राहिलेत, ते पुढच्या अंकात घेतो. नागपूरच्या एका काकांनी तव्याचा फोटोच पाठवलाय, मधोमध पापुद्रे उडून खालची धातू दिसतेय. काका, उत्तराची वाट न बघता तो तवा भंगारात द्या.