कचरागाडीसाठी घरं मोजताना

जुळे सोलापुरात कॉलनीसाठी सामायिक कचरागाडी आणताय, झकास! पण "गाडी हवी का?" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. आमच्याकडे चाळीस होकार आले, पैसे दिले अकराच घरांनी. गाडीवाल्याकडून अंदाजे दर काढा आणि थेट विचारा, "पहिला महिना आगाऊ देताय का?"

- व्हॉट्सॲपवरचे अंगठे धरू नका. दारोदार फिरा, तेही संध्याकाळी सातनंतर. इथल्या उन्हात दुपारी कोण दार उघडतंय!
- भाडेकरू आणि घरमालक, दोघांनाही विचारा. पैसे कोणी द्यायचे यावरच घोडं अडतं.
- ओला-सुका वेगळा देणार का, तेही वहीत लिहा. २०१६च्या घनकचरा नियमांपासून ते बंधनकारकच आहे.

नाही म्हणणाऱ्याशी वाद नको, त्याचं कारण तेवढं टिपून घ्या. करार, खतखड्डा वगैरे नंतर बघू.