कुलदैवताचे बकरे आणि थोरले बंधू

प्रश्न : आमच्या घराण्यात जत्रेला कुलदैवताला बकरे देण्याची रीत असून आम्ही चौघे भाऊ त्यासाठी वर्गणी काढतो. मी मांसाहार सोडला आहे आणि जीव मारण्यासाठी पैसे देणे मला पटत नाही. थोरले बंधू म्हणतात, "वाटा नको असेल तर भावकीही सोड." मुलगा पोलिसांत तक्रार करा म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तक्रारीचा विचार आधी सोडून द्या. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम २८ धर्मरीतीनुसार केलेल्या पशुवधाला त्या कायद्याखाली गुन्हा मानत नाही. शिवाय सख्ख्या भावाला चौकीत उभे केल्यावर येणारा अबोला मुलांच्या पिढीतही मिटत नाही.

मारण्याविषयी माझे मत तुमच्यासारखेच आहे : ज्यावाचून आपले अडत नाही, असा जीव घेऊ नये. मात्र आपल्या चहातल्या दुधापायीही नर करडे-वासरे नकोशी होतात, हे ध्यानात ठेवून बंधूंशी बोला, म्हणजे आवाज चढणार नाही.

बोलताना रीतीचाच आधार घ्या. बकऱ्यावर पाणी शिंपडल्यावर ते अंग झाडेपर्यंत मंडळी हात जोडून थांबतात आणि त्याने अंग झाडले की देवाने मान्य केले असे समजतात. विचारल्याशिवाय जीव घेणे पूर्वजांनाही जड जात असावे, असे मला हे पाहताना नेहमी वाटते. तुमची टोचणी घराण्याला परकी नाही. जेजुरीत तर खुद्द खंडोबाचा नैवेद्य शाकाहारी असतो आणि बकऱ्याचा मान मणी या दैत्याचा मानला जातो, तेव्हा पुरणपोळीने देव कोपेल ही भीती बंधूंनी बाळगू नये.

गाडगे महाराजांचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. मुलीच्या बारशाला मटण-दारू देण्याची जातीतली चाल त्यांनी मोडली आणि गोडाधोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज होणार हे ठाऊक असूनही त्यांनी पंगत टाळली नाही. सगळ्यांना बोलावले, जेवू घातले आणि बदलले ते फक्त ताटातले पदार्थ. पुढे आयुष्यभर कीर्तनांतून पशुबळीविरुद्ध बोलणाऱ्या माणसाने सुरुवात आपल्याच घरच्या कार्यापासून केली, हे विसरू नये.

तेव्हा वर्गणीची बैठक भरण्यापूर्वी एकटेच थोरल्यांच्या घरी जा. बकऱ्याचे पैसे देणार नाही हे स्पष्ट सांगा आणि पुरणाचा नैवेद्य, तेल व वाजंत्री यांचा खर्च आपल्याकडे घ्या, म्हणजे पैसे वाचवण्यासाठी धर्म आठवला असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी नकार दिला तरी जत्रेला सहकुटुंब जा, पालखीला खांदा द्या, पंगतीत आपली भाकरी-आमटी घेऊन बसा. आजारी चुलत्यांचा मटणाचा वाटा पोहोचवायला थोरल्यांनी तुमच्या मुलाला सांगितले, तर त्याने तो नेऊन द्यावा. मारण्याला पैसे पुरवणे आणि थोरल्यांचा शब्द राखून चुलत्यांना जेवण पोहोचवणे ही एकच गोष्ट आहे, असे मी मानत नाही.