डेक डिलीट झाला आणि सिंकही झालं, तर अँकीड्रॉइड जुन्या बॅकअपवर कसं न्यायचं?

अँकी म्हणजे कार्डांवरून उजळणी करायचं अ‍ॅप, अँकीड्रॉइड ही त्याची अँड्रॉइड फोनवरची आवृत्ती, आणि डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा. आधी फोनचं इंटरनेट बंद करा. अ‍ॅप काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या नव्या आवृत्तीत कार्डं आणि बॅकअप अ‍ॅपच्याच फोल्डरात असतात, अ‍ॅपबरोबर तेही जातात.

तुम्ही लिहिलंय की परीक्षेसाठी बनवलेला कन्नड शब्दांचा डेक फोनवर उडाला, सिंकही झालं, आणि खानापूरच्या घरी लॅपटॉपवर अँकी आहे, पण बरेच दिवस उघडलेलं नाही. मग तो लॅपटॉपच तुमचा बॅकअप! वायफाय बंद करूनच अँकी उघडा, कारण उघडताच सिंक झालं तर डिलीट तिथेही पोचेल. फक्त तो डेक शेड्युलिंगसकट (कोणतं कार्ड पुन्हा कधी येणार ती नोंद) एक्सपोर्ट करा, केबलने फोनवर घ्या, इम्पोर्ट करा. मग आधी फोन सिंक करा, नंतर लॅपटॉप. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे रेंज नाही म्हणून आपण बोंब मारतो, पण अशा वेळी तीच रेंज नसणं कामी येतं.

लॅपटॉपही सिंक झाला असेल तर मात्र फोनवरचा बॅकअप काढावा लागेल. अख्खं कलेक्शन, म्हणजे सगळे डेक, मागे नेऊ नका असं माझं मत आहे. एका डेकसाठी बाकीच्या विषयांची मधल्या दिवसांची उजळणी का घालवायची? आजचं कलेक्शन आधी पूर्ण एक्सपोर्ट करून बाहेर ठेवा. मग मेनूतून डिलीटच्या आधीच्या तारखेचा बॅकअप रिस्टोअर करा, त्यातून कन्नडचा डेक तेवढा एक्सपोर्ट करा. आता आजचं कलेक्शन परत इम्पोर्ट करा आणि त्यात हा डेक घाला.

यानंतर सिंक करताना अ‍ॅप विचारेल, फोनवरचं ठेवू की सर्व्हरवरचं? इथे अपलोडच निवडा. डाउनलोड दाबलंत तर डेक नसलेलं कलेक्शन पुन्हा खाली येईल. लॅपटॉपवर त्यानंतर डाउनलोड. तिथे सिंक न झालेलं काही असेल तर ते जाईल, म्हणून आधी बघून घ्या.

उच्चारांचे ऑडिओ आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये नसतात. पण डेक उडवला म्हणून त्या फाइल्स लगेच पुसल्या जात नाहीत, ‘चेक मीडिया’ करून नको असलेल्या काढल्या तरच जातात. तेव्हा डेक परत येईपर्यंत त्या बटणाकडे फिरकू नका.