बाबांसाठी ट्रायल शोधत बसू की बाबांजवळ बसू?

घरात कुणाला कॅन्सर निघाला की दोन-चार दिवसांत कोणीतरी सांगतंच, "अगं क्लिनिकल ट्रायल असतात, बघ जरा." म्हणजे नवे उपचार पेशंटवर तपासून बघणारे अभ्यास. आणि मग घरात त्यातल्या त्यात ज्याला इंग्रजी वाचता येतं, मोबाईल नीट चालवता येतो, त्याच्या डोक्यावर ते येऊन बसतं. नंतर तो माणूस माझ्यासारख्या समुपदेशकासमोर येतो तेव्हा प्रश्न एकच असतो, मला वेळेत सापडलं नाही आणि माझ्यामुळे काही राहून गेलं तर?

अशीच एक मुलगी आली होती, तिशीतली (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत). बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर, स्टेज चार, कळून जेमतेम नऊ दिवस झालेले. हातात लांबडी हिशेबाची वही. उघडून दाखवली तर पानभर एनसीटी, एनसीटी, आणि प्रत्येकापुढे आठ आकडे, म्हणजे एकेका ट्रायलचा नोंदणी नंबर. रात्री दोन-अडीचपर्यंत जागून क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या ट्रायलच्या अमेरिकी सरकारी नोंदणी-साइटवरून उतरवलेले साठेक नंबर. "मॅडम, आजाराचं नाव टाकलं की हजारो येतात, मी कुठून सुरू करू तेच कळत नाही."

इथे मी चुकले, सरळ सांगते. मी म्हटलं, थोडे दिवस हे बंद ठेवा, बाबांजवळ बसा. समुपदेशकाला शोभेल असं शहाणं वाक्य! तिने वही बॅगेत टाकली, हो हो म्हणाली आणि गेली. चार दिवसांनी फोन, "मॅडम, वही बंद केली तर झोप अजूनच उडाली, निदान ती असली की हाताला काम असतं." बरोबर होतं तिचं. मग दुसऱ्या भेटीत आम्ही ती वहीच समोर घेतली.

पण त्याआधी फाईल. कारण साइटवर शोधायचं काय हे रिपोर्टवरून ठरतं, नुसत्या आजाराच्या नावाने नाही. तिच्याकडे बायोप्सीच्या शेवटच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो होता, बस. आणि लागतं ते एवढं: पेशींचा प्रकार कुठला, स्टेज किती, ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ या मार्करच्या (गाठीतल्या ज्या खुणांवरून औषध ठरतं त्यांच्या) टेस्ट पाठवल्यात का, मेंदूचा एमआरआय झालाय का, किडनी-लिव्हरचे आकडे, आणि बाबा दिवसभरात स्वतःचं स्वतः किती करतात. हे शेवटचं लोकांना किरकोळ वाटतं. त्याला ईसीओजी म्हणतात, शून्य ते पाच, आणि बऱ्याच ट्रायलना शून्य किंवा एकवालाच पेशंट लागतो, म्हणजे हिंडता-फिरता. मार्करचे रिपोर्ट यायचे होते. त्यामुळे तिची अर्धी वही त्या दिवशी तपासताच येत नव्हती, आणि हे ऐकून तिला राग यायच्या ऐवजी हायसं वाटलं.

मग चाळणी लावली. स्टेटस 'रिक्रूटिंग' आहे का ते पहिलं बघायचं. 'अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग' म्हणजे ट्रायल चालू आहे पण नवीन पेशंट घेत नाहीत, आणि तिने असले वीसेक उतरवले होते. मग सेंटर कुठे आहे, जाणं-येणं झेपेल का. मग पात्रतेचे निकष, त्यातही 'यांना घेणार नाही'वाला भाग आधी वाचायचा, वेळ वाचतो. आपल्या देशाची नोंदणी वेगळी बघायची, भारतात ती सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया), आणि डब्ल्यूएचओच्या पोर्टलवर बऱ्याच देशांच्या नोंदी एकत्र मिळतात. एक मात्र ध्यानात ठेवा, साइटवर नाव आहे म्हणजे सरकारने तपासून पास केलंय असं नसतं, आणि ट्रायलमध्ये घेतो म्हणून नव्या औषधाचे भरमसाट पैसे मागणारा कोणी भेटला तर तिथेच थांबून आधी आपल्या डॉक्टरांना दाखवायचं.

साठातले उरले तीन. ते एका कागदावर लिहून तिने डॉक्टरांना विचारलं, "उपचार सुरू करायच्या आधी यातलं किंवा दुसरं काही बाबांना बसतं का?" यात 'आधी' हा शब्द महत्त्वाचा, कारण कित्येक ट्रायलना अजून काहीच उपचार न घेतलेला पेशंट हवा असतो, एक केमो झाली की तो दरवाजा बंद. आता याचा उलटा अर्थ काढून पेशंटला दम लागतोय आणि आपण ट्रायल शोधतोय असंही करू नका, थांबायला वाव आहे की नाही हे डॉक्टरच सांगतील.

या सगळ्यात एक माणूस बाहेरच होता. मी विचारलं, बाबांना माहितीये? "नाही, त्यांना कशाला टेन्शन." पण ट्रायलच्या संमतीपत्रावर सही तर त्यांनाच करायचीये ना. तिने घाबरतच वही त्यांच्यापुढे ठेवली. बाबा निवृत्त अकाउंटंट. त्यांनी पेन्सिल घेतली, मोबाईलवर एकेक नंबर टाकून टिक करत गेले आणि म्हणाले, "हा चुकलाय, इथे गुडघेदुखीचा अभ्यास निघतोय." दोघं हसली म्हणे, आजार कळल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी मनातलं विचारलं, माझ्यावर उंदरासारखे प्रयोग करणार का? आणि नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या तर? ते तिने पुढच्या भेटीत मला विचारलं. मी सांगितलं, चालणारा उपचार उपलब्ध असताना कॅन्सरच्या पेशंटला नुसत्या प्लासीबोवर सहसा ठेवत नाहीत, नेहमीच्या उपचारासोबत नवं औषध की प्लासीबो अशी तुलना असते, आणि सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, पुढचे उपचार त्यामुळे अडत नाहीत.

मार्करचा रिपोर्ट आला, ईजीएफआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत त्या जनुकातला बदल सापडला. तिन्हींतली एक ट्रायल बसली, तिसऱ्या फेजची, म्हणजे नव्या उपचाराची नेहमीच्या उपचाराशी तुलना करणारी. एका गटाला नेहमीची गोळी, दुसऱ्याला तीच गोळी अधिक नवं औषध. संमतीपत्र घरी आणून बाबांनी दोन दिवस पेन्सिलने वाचलं, समासात लिहिलं 'किती खेपा?', 'जास्तीच्या स्कॅनचा खर्च कोणाचा?', आणि उत्तरं मिळाल्यावरच सही केली. गट कॉम्प्युटर पाडतो, तिथे डॉक्टरांचंही चालत नाही. बाबा पडले नेहमीच्या गोळीच्या गटात.

ती माझ्याकडे येऊन रडली. एवढं जागले, एवढं शोधलं, आणि गोळी तीच जी तशीही मिळाली असती. मी या वेळी काही शहाणं बोलले नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, बाबा मात्र खूश आहेत, म्हणतात माझ्या स्कॅनचा हिशेब आता दोन-दोन ठिकाणी ठेवणार, चूक राहायची नाही.

वही अजून चालू आहे. एनसीटीची पानं संपली, आता त्यात स्कॅनच्या तारखा असतात. तारीख ती लिहिते, टिक बाबा करतात.