‘चाचणी यान’ म्हणजे नेमकं काय?

भावा, तू विचारलंयस की अमेरिकेचं एक्स-३७बी हे बिनमाणसाचं अंतराळयान आणि चीनचं तसंच अंतराळातून परत येणारं यान खरंच चाचणीसाठी आहेत, की शस्त्रं आहेत. माझ्या मते चाचणी खरीच असते. पण ती कशाची, हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं.

उद्यमनगरात माझी तीस वर्षं लेथवर गेली. नवा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, ट्रायलला लागला की शेजारच्या शेडमधला माणूस आकार बघूनच बरंच ओळखतो. तो कुठं बसणार, ते मात्र त्याला कळत नाही.

सोव्हिएत संघाचं बोर-४ घे. हे छोटं, बिनमाणसाचं यान १९८२ मध्ये कक्षेत गेलं, कॉसमॉस-१३७४ या नावानं. कॉसमॉस हे नाव ते हेर उपग्रहांनाही द्यायचे आणि फसलेल्या मोहिमांनाही, त्यामुळं नावावरून थांग लागायचा नाही. पण पहिल्या दोन फेऱ्यांत बोर-४ हिंदी महासागरात उतरलं. सोव्हिएत जहाजं ते पाण्यातून उचलत असताना ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानानं फोटो काढले. नासाच्या लँग्ली केंद्रानं फोटोंवरून मॉडेल बनवून विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडून आकार तपासायच्या बोगद्यात, तपासलं. आकार इतका सरस निघाला की त्यावरून नासाच्या एचएल-२० या छोट्या यानाचं डिझाइन झालं आणि त्यातूनच आजचं ड्रीम चेसर हे खासगी अमेरिकी यान. गंमत नव्हे, काळजीची गोष्ट पुढं आहे. पश्चिमेत काहींना ते अंतराळातलं लढाऊ विमान वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यावर बुरान या सोव्हिएत स्पेस शटलच्या उष्णतारोधक टाइल्स तपासल्या जात होत्या. अशाच गैरसमजातून शर्यत पेटते.

एक्स-३७बी २०१० पासून उडतंय, सहावी फेरी ९०८ दिवसांची. चीनचं यान २०२० मध्ये दोनच दिवसांत परतलं, दुसऱ्या फेरीत २७६ दिवस वर राहिलं आणि वर असताना त्यानं एक वस्तूही सोडली. बॉम्ब टाकायला अशी यानं लागत नाहीत, क्षेपणास्त्रं आहेतच. नवं उपकरण वर वापरून बघायचं आणि परत हातात घ्यायचं, हा खरा फायदा. धास्ती आहे ती दुसऱ्याच्या उपग्रहाजवळ जाता येण्याची.

आपल्या इस्रोनं २ एप्रिल २०२३ रोजी चित्रदुर्गला चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून पंखवालं यान सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवलं आणि व्हिडिओही दाखवला. मला ही पद्धत जास्त पटते.

तसंही कक्षा लपत नाही. २०१० मध्ये एक्स-३७बी हौशी निरीक्षकांनी महिन्याभरात शोधलं होतं. दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ झालं की पन्हाळ्यावर ये, दिवेलागणीनंतरच्या तासाभरात उपग्रह कसे ओळखायचे ते दाखवतो.